मचाण आणि सुरक्षापट्टा : खानदेशाच्या संदर्भात एक पार्श्वभूमी

झाडावर मचाण बांधून जनावराची वाट पाहत बसण्याची रीत सातपुड्याच्या पायथ्याला जुनी आहे. मचाणावर बसणाऱ्याने स्वतःला झाडाशी बांधून घ्यावे, हा विचार मात्र अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेत झाडावरून हरणांची शिकार करणाऱ्यांमध्ये पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा सुरक्षापट्टा, आज आवश्यक साहित्यात मोडतो. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी असल्यामुळे हा विषय आपला नव्हे, असे कोणालाही वाटेल. परंतु शिकार थांबली तरी मचाण थांबलेले नाही. वन विभागाच्या पाणवठ्यांवर ते आहे आणि दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, राखणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतातही आहे. म्हणूनच या पट्ट्याचा इतिहास खानदेशातून पाहणे गरजेचे वाटते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा तापीच्या दोन्ही अंगांना दाट जंगल होते आणि वाघांचा वावर मोठा होता. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारण्याचे काम जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे आले आणि धरणगाव हे त्या पलटणीचे ठाणे झाले. भिल्लांचा विश्वास त्याने बऱ्याच अंशी त्यांच्यासोबत केलेल्या शिकारीतून मिळवला. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या नावातही ते टिकून आहे. त्या काळी शिकार पायी, घोड्यावरून, हत्तीवरून आणि मचाणावरून अशा सर्व प्रकारांनी होत असे. डोंगरउताराच्या, नाल्याखोऱ्यांच्या मुलखात हाकारे घालून जनावर पुढे रेटायचे किंवा त्याने मारलेल्या गुराजवळ रात्र काढायची, तर मचाणाला पर्याय नव्हता. दोन फांद्यांच्या बेचक्यात आडवी लाकडे टाकायची, ती दोराने करकचून बांधायची आणि वर पालापाचोळ्याचा आडोसा करायचा. कित्येकदा सरळ गावातली बाजच वर चढवून बांधली जाई.

मचाण किती उंचीवर बांधायचे, हे खालच्या जनावरावरून ठरत असे. वाघाची उडी पोहोचू नये, अस्वलाची चाहूल वेळेत लागावी आणि माणसाचा वास वरच्या वर निघून जावा, एवढेच हिशेब त्यात धरलेले असत. उंची म्हणजेच संरक्षण, ही समजूत इतकी पक्की होती की त्या उंचीवरून खाली पडणे हा स्वतंत्र धोका म्हणून कोणी मोजलाच नाही. सुरक्षापट्टा इतक्या उशिरा येण्याचे मूळ कारण माझ्या मते हेच आहे. माणसाने झाडावर चढून एक भय टाळले, पण त्या जागी दुसरे आले, आणि ते डरकाळी फोडत नसल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्षित राहिले.

वास्तविक हिशेब साधा आहे. पाच मीटर उंचीवरून पडणारा माणूस साधारण एका सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या घरात असतो. इतक्या वेळात फांदी पकडणे तर दूरच, पडतो आहोत हे उमगायलाही फुरसत मिळत नाही. शिवाय मचाणावरचा माणूस रात्रभर जागा असतो, थंडीने आखडलेला असतो आणि पहाटे त्याला डुलकी लागते. सर्वांत नाजूक घटका चढण्या-उतरण्याची आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकण्याची असते, कारण त्या वेळी शरीराचा भार एका आधारावरून दुसऱ्यावर जात असतो. त्यामुळे वर पोहोचल्यावर दोर बांधणारा माणूस धोक्याचा मोठा भाग आधीच बिनबांधलेल्या अवस्थेत पार करून आलेला असतो.

पट्ट्याची कल्पना शिकारीतून न येता उंचीवरच्या मजुरीतून आली. तारांच्या खांबावर काम करणारे वायरमन आणि इमारतींच्या पोलादी सांगाड्यावरचे कामगार कंबरेला चामड्याचा किंवा जाड कापडाचा पट्टा बांधून खांबाला टेकत असत. हा पट्टा जागेवर स्थिर राहण्यापुरता ठीक होता, पडणाऱ्याला झेलण्यासाठी नव्हता. पडणारे शरीर कंबरपट्ट्यात एकदम अडकले, तर सगळा हिसका पोटाच्या मऊ भागावर आणि कण्यावर बसतो, माणूस मध्ये मोडल्यासारखा लटकतो, त्याचा श्वास कोंडतो, आणि पट्टा सैल असेल तर तो त्यातून निसटूही शकतो. हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांच्या साजात हा भार खांदे, छाती आणि मांड्या यांवर वाटून दिलेला होता. १९३० च्या दशकात तयार झालेल्या नायलॉनमुळे असे हलके पण मजबूत पट्टे विणणे पुढे सोपे झाले. तरीही उद्योगांत कंबरपट्टा दीर्घकाळ टिकून राहिला. अमेरिकेतील कामगार सुरक्षा यंत्रणेने बांधकामावर पडणाऱ्याला झेलण्यासाठी कंबरपट्टा वापरण्यास १ जानेवारी १९९८ पासून बंदी केली आणि पूर्ण अंगाचा हार्नेस हाच मान्य मार्ग ठरवला. त्या नियमांनुसार हार्नेस घातलेल्याला बसणारा हिसका १८०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे आठ किलोन्यूटनपेक्षा, जास्त असता कामा नये आणि मोकळे पडणे सहा फुटांपलीकडे जाता कामा नये.

तिथल्या शिकाऱ्यांपर्यंत हे लोण थोड्या फरकाने पोहोचले. धनुष्यबाणाने शिकार करण्याची आवड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली. बाणासाठी हरण जवळ यावे लागते आणि हरीण सहसा मान वर करून पाहत नाही, म्हणून लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची, उचलून नेता येणारी मचाणे बाजारात आली. पंधरा-वीस फुटांवर बसणाऱ्यांची संख्या वाढली, तसे पडणारेही वाढले. आधी साधा कंबरपट्टा, मग छातीपट्टा आणि शेवटी पूर्ण हार्नेस, हाच क्रम तिथेही दिसतो. आज तिथल्या उत्पादक संघटनेचे प्रमाणपत्र असलेल्या मचाणासोबत हार्नेस दिलेलाच असतो. त्याचा पट्टा डोक्याच्या वर खोडाला बांधतात आणि माणूस बसलेला असताना त्यात ढील ठेवत नाहीत, म्हणजे तोल गेला तरी शरीर फार खाली जात नाही.

चढण्या-उतरण्याचा प्रश्न सोडवला तो गिर्यारोहकांच्या एका गाठीने. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही गाठ जाड दोरावर बारीक दोरीचे वेढे घेऊन मारली जाते. हाताने सरकवली तर ती वर-खाली जाते आणि भार पडताच आवळून जागच्या जागी थांबते. मचाणाच्या वरपासून बुंध्यापर्यंत एक दोर सोडून हार्नेस या गाठीला जोडला, की जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला टेकेपर्यंत माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. एक धोका मात्र उरतो. हार्नेसमध्ये हालचालीविना लटकून राहिल्यास पायांत रक्त साचते आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून पाय टेकवायला एक फासा जवळ ठेवावा आणि आपण कुठे आहोत हे कोणाला तरी सांगून जावे, असे तिथे शिकवले जाते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकारही संपली. त्यानंतर मचाणावर शिकाऱ्याच्या जागी प्राणी मोजणारा बसला. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्याशेजारी रात्रभर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा राज्यभर रुजली. २००६ पासून वाघांच्या देशव्यापी अंदाजासाठी कॅमेरा ट्रॅप आणि खुणांची शास्त्रीय पद्धत आली, तेव्हा या गणनेचे वजन कमी झाले. पण निसर्गानुभवाचा कार्यक्रम म्हणून ती रात्र टिकून आहे. त्या रात्री बसणारा बहुधा शहरातून आलेला, झाडावर चढण्याची सवय नसलेला असतो. भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलणे नको, या सूचना जनावराच्या सोयीच्या आहेत आणि त्या योग्यच आहेत. बसणाऱ्याच्या पट्ट्याला त्या यादीत तितकेच वरचे स्थान मिळाले पाहिजे.

पूर्ण अंगाचा हार्नेस खानदेशाला अनोळखी राहिलेला नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांवर त्याच्याशिवाय चढायचे नसते. अशा पट्ट्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ३५२१ हे मानक आहे आणि तो शिक्का असलेले हार्नेस बाजारात मिळतात. वन विभागाला ते विकत घेणे जड नाही आणि पाणवठ्यावरचे मचाण जिवंत, जाड बुंध्याच्या झाडावर असेल तर ते बांधायला जागाही पक्की आहे.

शेतातल्या माळ्याचा प्रश्न निराळा आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखण्यासाठी, किंवा उभ्या दादरीवर बसणारी पाखरे गोफणीने हाकण्यासाठी, शेतकरी चार मेढी रोवून त्यांवर माळा बांधतो. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत बिबट्याने अनेक माणसे मारली. अशा काळात जमिनीवर निजण्यापेक्षा माळ्यावर चढणे शहाणपणाचेच वाटते. मात्र हार्नेस ज्याला बांधायचा, तो आधार माणसाच्या वजनाच्या कित्येक पट हिसका सोसणारा असावा लागतो. काळ्या जमिनीत रोवलेल्या मेढी पावसात ढिल्या होतात आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीत हलू लागतात. त्यांना पट्टा बांधला तर पडणाऱ्याबरोबर माळाही अंगावर येईल. अशा ठिकाणी माळ्याची उंची कमी ठेवणे, चारही बाजूंना कमरेएवढा कठडा बांधणे, शिडी वरच्या टोकाला घट्ट आवळणे आणि बांधावर कडुनिंबाचे किंवा आंब्याचे मोठे झाड असेल तर माळा त्यालाच लागून उभारून पट्टा त्या खोडाला घेणे, एवढेच उपाय हाती राहतात.