गोठलेल्या जमिनीवरची कुरणं

सायबेरियाच्या ईशान्येकडचं साखा प्रजासत्ताक, म्हणजेच याकुतिया, आकाराने जवळजवळ भारताएवढं; लोकसंख्या मात्र जेमतेम १० लाख. वेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन इथे पारा उणे ६७ अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. याकुतियाची ओळख या आकड्यापाशीच थांबते. मला त्याहून मोठं नवल वाटतं ते इथल्या गाईघोड्यांचं.

साखा लोकांची भाषा तुर्की कुळातली. त्यांचे पूर्वज दक्षिणेकडून, बैकाल सरोवराच्या बाजूने, गुरंढोरं घेऊन लेना नदीच्या खोऱ्यात आले. रेनडिअर पाळणाऱ्या एवेंकी लोकांना जंगल पुरत असे. गाईंना गवत हवं. लार्च या सूचिपर्णी झाडांच्या या अफाट जंगलात ते आलं कुठून?

त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. राजधानी याकुत्स्कमध्ये शेर्गिन नावाच्या गृहस्थाने १८२८ साली विहीर खणायला घेतली. ११६ मीटर खोल गेल्यावरही माती गोठलेलीच होती! उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा थर. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून २५० मिलिमीटरही भरत नाही, पण खालच्या गोठलेल्या थरामुळे ते पाणी मुरून जात नाही, मुळांना मिळतं. म्हणून इतक्या कोरड्या प्रदेशात जंगल उभं आहे.

काही भागांत तर या मातीत निव्वळ बर्फाच्या प्रचंड पाचरी आहेत. हिमयुग सरल्यावर त्यातल्या कित्येक वितळल्या, जमीन खचली, खळग्यांत तळी साचली आणि पुढे ती आटत गेल्यावर काठाने गवत माजलं. या खोलगट कुरणांना ‘आलास’ म्हणतात. साखांची वस्ती त्यांच्याभोवतीच वाढली. जुलैत गवत कापून वाळवायचं आणि लांबलचक हिवाळाभर गोठ्यातल्या गाईंना पुरवायचं. घोडे मात्र बाहेरच राहतात, खुरांनी बर्फ उकरून खालचं गवत खातात. जूनमधल्या ‘इस्याख’ सणात घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमिस देवांना वाहतात.

आता वितळण्याचा वेग वाढला आहे. २० जून २०२० रोजी वेर्खोयान्स्कला ३८ अंश तापमान नोंदलं गेलं. याकुतियातल्याच चुरापचा गावाच्या परिसरात, जिथे शेतीसाठी जंगल तोडलं होतं, तिथली सपाट जमीन जागोजागी खचून उंचवट्यांनी भरली आहे. अशा जमिनीवर गवत कापायचं यंत्र चालत नाही, घरं टिकत नाहीत. तिथे नवा आलास तयार होईलही, पण त्याला कित्येक पिढ्या लागतील. गाईंना चारा याच हिवाळ्यात हवा आहे.