नर्सिंग होम, वृद्धाश्रम आणि अखेरच्या इच्छेचा कागद

घोडबंदर रस्त्यालगतच्या किंवा नेरुळ-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या वृद्धाश्रमात राहणाऱ्या व्यक्तीने ‘बरे होण्याची आशा नसेल तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये’ असे सहीनिशी लिहून ठेवले, तर त्या कागदाला २०१८पासून कायद्याचा आधार आहे. तो आधार प्रत्यक्षात मिळतो की नाही, हे मात्र त्या व्यक्तीची खाट कोणत्या इमारतीत आहे यावर ठरते, आणि हा गुंता ‘नर्सिंग होम’ या शब्दापासूनच सुरू होतो.

ठाण्यात नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणे, छोट्या शस्त्रक्रिया आणि दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. परदेशात स्थायिक झालेली मुले आई-वडिलांसाठी ‘नर्सिंग होम’ शोधतात, तेव्हा त्यांना अभिप्रेत असते ती वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेची निवासी जागा, जिला आपण सोयीने वृद्धाश्रम म्हणतो. दोन्ही अर्थांचा घोळ कायद्यातही पूर्णपणे सुटलेला नाही. राज्यातील नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९चा आहे. त्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला शारीरिक दुर्बलताही येते, पण त्या जागी उपचार आणि शुश्रूषा दोन्ही पुरवल्या जाणे अपेक्षित आहे. राहणे, जेवण आणि वेळेवर गोळ्या देणारा वृद्धाश्रम या व्याख्येबाहेर राहतो, हे समजण्यासारखे आहे. पण जेथे अंथरुणाला खिळलेल्यांची वेगळी खोली असते, नाकातून नळीने अन्न दिले जाते आणि ऑक्सिजनचे यंत्र चालू असते, ती जागा रेषेच्या कोणत्या बाजूला धरायची? ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा येथे उपयोगी पडत नाही. निर्वाह, मालमत्ता आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम यांविषयी तो बोलतो. उपचार नाकारण्याच्या इच्छेविषयी त्यात काही नाही.

उपचार नाकारण्याच्या या हक्कामागचा इतिहास थोडक्यात असा. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने १९८७मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये घटनाबाह्य ठरवले. १९९६मध्ये घटनापीठाने ते पुन्हा वैध मानले, पण नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झाल्यावर सन्मानाने मरण येणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग असू शकतो, अशी फट ठेवली. २०११चा निकाल, मुंबईतील एका रुग्णालयात १९७३पासून अचेत पडून असलेल्या परिचारिकेविषयीचा, सर्वांना आठवतो. तिच्याबाबतची मागणी फेटाळली गेली, परंतु उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याचा मार्ग मान्य झाला.

९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे बोलीतल्या ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली, पण सोबत अशी कार्यपद्धती घालून दिली की तो हक्क वापरणे जवळपास अशक्य झाले. दोन साक्षीदारांसमोर केलेल्या सहीवर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रतिस्वाक्षरी करायची, पुढे उपचार थांबवण्याविषयी रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या मंडळाने मत द्यायचे, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या दुसऱ्या मंडळाने, आणि अखेरीस दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णाला भेट द्यायची. गुडघे धरून बसलेल्या ऐंशीच्या माणसाने ठाण्याच्या न्यायालयात खेटे घालावेत, ही अपेक्षा कागदावरच शोभते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने स्वतःच ही वाट सोपी केली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरील सही पुरेशी ठरली, दोन्ही मंडळे रुग्णालयानेच नेमायची आणि शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे, असे ठरले. दंडाधिकाऱ्यांना निर्णय कळवणे तेवढे शिल्लक राहिले. निर्देशाची प्रत सांभाळण्यासाठी महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने अधिकारी नेमावा, असेही त्यात आले. तो अधिकारी नेमका कोण, हे बराच काळ अनेक ठिकाणी कोणालाच सांगता येत नव्हते. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यानंतर राज्यात या नेमणुकांना गती आली.

तरीही या साऱ्या सुधारणेत गृहीत धरलेली जागा रुग्णालयाचीच राहिली. मंडळे तेथे, उपचार करणारे डॉक्टर तेथे, निर्णय तेथे. वृद्धाश्रमात रात्री दोन वाजता श्वास लागलेल्या आजीबाबत व्यवस्थापकाला मात्र एकट्याने ठरवावे लागते. मृत्यूच्या कारणाचा दाखला देणारा डॉक्टर वेळेवर मिळाला नाही तर पोलीस, अकस्मात मृत्यूची नोंद, शवविच्छेदन आणि नातेवाइकांचे प्रश्न समोर उभे राहतात, म्हणून तो रुग्णवाहिका बोलावतो. त्याला दोष देता येत नाही. प्रवेशाच्या वेळी आजाऱ्याला रुग्णालयात हलवण्याची संमती नातेवाइकांकडून आधीच घेतलेली असते. राहणाऱ्याची स्वतःची इच्छा विचारणारा रकाना त्या अर्जात क्वचितच असतो.

आपल्या वतीने निर्णय घेण्यासाठी निर्देशात ज्यांचे नाव दिले ते पालक (कायद्याच्या भाषेत ‘गार्डियन’) किंवा निकटचे नातेवाईक दूर असले, तर अडचण वाढते. २०२३च्या आदेशाने एकापेक्षा अधिक नावे देण्याची मुभा दिली, आणि एक मुलगा पुण्यात, दुसरी मुलगी परदेशात अशा घरांसाठी ती महत्त्वाची आहे. कागद आरोग्याच्या डिजिटल नोंदीत समाविष्ट करता येईल, असेही त्याच आदेशात म्हटले आहे. प्रत्यक्षात रुग्णवाहिकेबरोबर आधारकार्ड आणि मेडिक्लेमचे कार्ड जाते, आणि नोटरीचा शिक्का असलेला कागद बहुधा आश्रमाच्या कपाटातल्या फाइलमध्ये राहतो.