सी. पी. बेरार सर्किट आणि खानदेशातलं चित्रपट वितरण

हिंदी सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे वितरण विभाग पाडलेत त्यांना सर्किट किंवा टेरिटरी म्हणतात. मुंबई, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, निझाम, सी. आय. (सेंट्रल इंडिया), राजस्थान अशी डझनभराच्या आसपास सर्किटं आहेत, त्यातलंच एक सी. पी. बेरार, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस (मध्य प्रांत) आणि बेरार (वऱ्हाड). विदर्भ, जबलपूरकडचा महाकोशल, छत्तीसगड आणि आपला खानदेश, निदान जळगाव-भुसावळचा पट्टा तरी, यात धरतात. निर्माता प्रत्येक थिएटरवाल्याशी स्वतः बोलत बसत नाही, तो सर्किटचे हक्क वितरकाला विकतो आणि पुढचं सगळं वितरक बघतो.

हे सर्किट नक्की कधी आखलं गेलं याचं एक साल दाखवता येत नाही. नावावरून अंदाज बांधतात तो असा की वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, प्रांताचं नाव 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' असं 1936 मध्ये झालं आणि बोलपटांचा धंदाही त्याच दशकात वाढला, म्हणजे विभागणी साधारण तेव्हाची असावी. पण सी. पी. आणि बेरार ही नावं त्याआधीही जोडीने वापरात होती, त्यामुळे मूकपटांच्या काळातही ढोबळ विभाग असणार हे म्हणणं उडवून लावता येत नाही. 1950 मध्ये या प्रांताचं मध्य प्रदेश राज्य झालं, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, तरी धंद्यातलं नाव तसंच राहिलं.

खरा वादाचा मुद्दा वेगळाच आहे. खानदेश हा सी. पी. मध्ये कधीच नव्हता, 1818 पासून तो मुंबई इलाख्यात होता, 1906 ला त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले तेही मुंबई इलाख्यातच, मग सिनेमाच्या नकाशात तो वऱ्हाडाच्या गळ्यात कसा पडला? एक उत्तर असं देतात की इथली आवड आणि बाजारपेठ वऱ्हाडासारखी, कापसावर चालणारी, म्हणून. दुसरं असं की जुन्या खानदेशाची राजधानी बुऱ्हाणपूर ब्रिटिश काळात मध्य प्रांतातच, निमाड जिल्ह्यात होती, तेव्हा व्यापारी संबंध आधीपासूनच तिकडचे. दोन्हीत तथ्य आहे, पण रेल्वेचं कारण जास्त पटतं. मुंबईहून येणारी जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजची मध्य रेल्वे) लाइन भुसावळला फुटते, एक फाटा अकोला-बडनेरावरून नागपूरला (तो 1867 मध्ये पोचला), दुसरा खंडवा-इटारसीवरून जबलपूरकडे (तो 1870 मध्ये जोडला गेला), आणि 1900 च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेकडची बाजूही जोडली. सिनेमा म्हणजे तेव्हा लोखंडी पेटीतला जड माल होता, तो पार्सलने जायचा, आणि तिन्ही दिशांना रात्रीतून पेटी पाठवायची सोय इतकी चांगली दुसरीकडे क्वचितच होती. म्हणून भुसावळ आणि अमरावती ही या सर्किटची ठाणी झाली. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, म्हणजे सी. सी. सी. ए., ही सी. पी. बेरार, सी. आय. आणि राजस्थान अशा तीन सर्किटांतल्या वितरक-प्रदर्शकांची संघटना, तिचं मुख्य ठिकाणही भुसावळच. भुसावळ म्हटलं की जंक्शन आणि केळी एवढंच लोकांना आठवतं, सिनेमाच्या इतिहासात या गावाची जागा त्याहून पुष्कळ मोठी आहे आणि ती नीट नोंदली जायला पाहिजे.

व्यवहाराचे प्रकार तीन. आउटराइट म्हणजे एकदाच रक्कम देऊन हक्क घेतले, नफा-तोटा सगळा वितरकाचा. एम. जी. म्हणजे मिनिमम गॅरंटी, यात वितरक ठरलेली रक्कम आधी देतो, ती रक्कम, प्रिंट-पब्लिसिटीचा खर्च आणि कमिशन वसूल झाल्यावर जे वर येईल तो ओव्हरफ्लो, तो निर्मात्याबरोबर वाटून घ्यायचा. कमिशनवर असेल तर जोखीम निर्मात्याचीच. थिएटरशी हिशोब भाड्याने किंवा टक्केवारीने व्हायचा, आणि रोजच्या तिकिटांचा डी. सी. आर. (डेली कलेक्शन रिपोर्ट) तपासायला वितरकाचा माणूस येऊन बसायचा. करमणूक कर 1923 च्या कायद्याने लागायचा, 1 जुलै 2017 पासून तो जी. एस. टी. त गेला.

प्रिंटची, म्हणजे सिनेमाच्या फिल्मवरच्या प्रतीची, वाट ठरलेली असायची. आधी जळगाव, भुसावळ, धुळे अशी मोठी गावं, मग चाळीसगाव, अमळनेर, चोपडा यांसारखी तालुक्याची, आणि शेवटी टुरिंग टॉकीज, म्हणजे तंबूतले फिरते सिनेमे. 35 मिमीची फिल्म सेकंदाला 24 चौकटी म्हणजे मिनिटाला 90 फूट पळते, अडीच तासांचा सिनेमा साडेतेरा हजार फूट भरतो, म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन पेट्या व्हायच्या. पेटी आली की ऑपरेटर रीळ रिवाइंडरवर चढवून कडेवरून बोटं फिरवत जायचा, कुठे भोकं फाटलीत कळलं की तेवढा तुकडा कापून फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या द्रवाने) जोड मारायचा, आणि शेवटच्या गावापर्यंत पोचेस्तोवर अशा जोडांपायी सिनेमाच काही मिनिटं कमी झालेला असायचा. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकतो, पहिल्यावर दुसऱ्या मशीनची मोटर चालू, साधारण सात सेकंदांनी दुसरा, त्यावर चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. दोन थिएटरांत एकच प्रिंट असली तर शोच्या वेळा पुढेमागे ठेवून रीळं सायकलवरून पळवायची, त्याला शिफ्टिंग म्हणत.

टुरिंगवाले दिवाळीनंतर, कापसाचा पैसा हातात आला की निघायचे ते पावसाच्या आत परत. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, अमळनेरची वैशाखातली, अशा ठिकाणी तंबू पडायचे. एकच मशीन असल्यामुळे दर रिळाला थांबावं लागे. जाहिरात म्हणजे टांग्यावर भोंगा, नंतर रिक्षा, रंगवलेले बोर्ड आणि रंगीत पांपलेटं.

2005 नंतर उपग्रहावरून सर्व्हरला सिनेमा पाठवायची पद्धत आली, मग हार्ड डिस्क आणि त्यासोबत ठरावीक मुदतीची डिजिटल चावी, आणि दहा वर्षांच्या आत प्रिंट जवळपास संपली. तालुक्याच्या गावातही मुंबईच्याच शुक्रवारी सिनेमा लागायला लागला, हा खानदेशातल्या प्रेक्षकाचा मोठा फायदा. भुसावळच्या पेट्यांचं महत्त्व मात्र गेलं. पुढे 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने वितरकांच्या बऱ्याच संघटनांना दंड केला, त्यात सी. सी. सी. ए. पण होती. संघटनेकडे नोंदणी केल्याशिवाय सिनेमा लावायचा नाही अशा सक्तीच्या अटी आयोगाने स्पर्धेला मारक ठरवल्या. एकाच सिनेमाचे हक्क दोघांना विकले जाऊ नयेत यासाठी नोंदणीचा उपयोग होता हे खरं, पण सक्ती टिकण्यासारखी नव्हतीच.

अहिराणी आणि मालेगावकडचे व्हिडिओ सिनेमे या सगळ्याच्या बाहेर वाढले. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, 1869 पर्यंत ते खानदेशात होतं. हे सिनेमे आधी व्हिडिओ पार्लरमध्ये आणि सीडीच्या दुकानांतून गेले, आता थेट यूट्यूबवर येतात, त्यांना ना सर्किट लागतं ना वितरक.