जळक्या ऑइलचा वास: कुठून येतो, काय करायचं

लळिंग किंवा कन्नड घाट चढून गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि एसीच्या जाळीतून करपट, तेलकट वास आला, की इंजिन गेलं अशीच धास्ती बसते. बहुतेक वेळा इंजिनला काही झालेलं नसतं. कुठल्यातरी पॅकिंगमधून (दोन भागांच्या सांध्यातल्या रबरातून) ऑइलचे चार थेंब तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांवर, पडत असतात. चढावर मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या वर सहज जातं आणि ऑइल त्याच्या साधारण निम्म्या तापमानालाच धुरायला लागतं. गाडी पळते तोवर तो धूर मागे उडून जातो. थांबली की पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत ओढला जातो. म्हणून हा वास सिग्नलला, टोलनाक्यावर नाहीतर घराच्या दारात येतो. एसी आतल्या हवेवर ठेवला की वास कमी होतो, पण गळती तशीच राहते.

लगेच थांबायचं कधी

डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, बोनेटमधून धूर दिसला किंवा वायर-प्लास्टिक जळल्यासारखा वास आला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. धूर येत असेल तर बोनेट एकदम उघडू नका. हवा मिळाली की भडका उडतो. पेटलेल्या ऑइलवर पाणी मारू नका. लाल दिवा म्हणजे ऑइलचा दाब पडलाय. अशा वेळी "दोन किलोमीटरवर घर आहे" म्हणून गाडी रेटली, तर बेअरिंग जातात आणि पॅकिंगचं काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जातं.

वास ऑइलचाच आहे ना?

घाटात हाफ क्लचवर चढल्यावर कागद जळल्यासारखा वास येतो, तो क्लचचा. उतारावर चाकांजवळ येतो तो ब्रेकचा. गोडसर वास कूलंटचा. रावेर-यावलकडे शेतरस्त्यावरून जाताना केळीची वाळलेली पानं किंवा गवत खाली सायलेन्सरवर अडकून करपतं. गार झाल्यावर वाकून काढलं की संपलं. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर भरताना सांडलेलं ऑइलही जळतं. तो वास एक-दोन फेऱ्यांत जायला हवा. आठवडाभर राहिला तर समजा की फिल्टर किंवा ड्रेन नट गळतोय.

घरी एवढं बघा

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून १० मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे असली तरी वाईटच: क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो आणि सीलवर दाब येतो. मग रात्री इंजिनखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघून, पुठ्ठ्यावर गाडीची पुढची बाजू कुठली ते लिहून तो आमच्या गॅरेजला घेऊन या.

गळती कायम वरून खाली शोधायची. थेंब चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) टोकाला दिसतो, पण आलेला असतो टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाकडून. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ ओल्या ऑइलवर बसून जाड लेप होतो. त्या लेपाचं सगळ्यात वरचं टोक जिथे, तिथून शोध सुरू करायचा.

बहुतेकदा सापडतं ते: टॅपेट कव्हरचं पॅकिंग

नवं पॅकिंग मऊ आणि फुगीर असतं. जुनं काढलं की चपटं, कडक निघतं आणि वाकवलं तर पापडासारखं मोडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो. बोनेटखाली रबर त्याहून कितीतरी जास्त भाजतं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हेच ऑइल स्पार्क प्लगच्या विहिरीत उतरतं आणि इंजिन मिसिंग करायला लागतं. म्हणून प्लगच्या रिंगाही सोबतच बदलायच्या.

काम असं: इंजिन गार करायचं, कॉइल आणि नळ्या सुट्या करायच्या, कव्हर उचलायचं. दोन्ही कडा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करायच्या. पत्र्याने खरवडलं तर अॅल्युमिनियमवर ओरखडा पडून तिथूनच पुन्हा पाझरतं. सिलिकॉन फक्त कंपनीने सांगितलेल्या सांध्यांवर, तेही थेंबभर. जास्तीचं आत सुटून ऑइलची जाळी बुजवतं. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे, टॉर्क पान्यानेच आवळायचे. बऱ्याच गाड्यांत हा आकडा १० न्यूटन-मीटरच्या जवळपास असतो. नेमका कंपनीच्या पुस्तकातला घ्यायचा. "अजून थोडं कस" म्हटलं की कव्हर वाकतं.

याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी झडप) तपासणं आम्ही सोडत नाही. तो चोंदला की दाब आतच राहतो आणि नव्या पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. पॅकिंग बदलूनही महिन्याभरात तोच वास परत येण्याचं हे नेहमीचं कारण.

बाकीच्या जागा: फिल्टरची रिंग (नव्या रिंगेला ऑइल लावून, टेकल्यावर हातानेच पाऊण वेढा), ड्रेन नटचं वायसर (दर वेळी नवं), आणि क्रँकचं मागचं सील. या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून पाझर थोडा असेल तर क्लचच्या कामापर्यंत थांबलं तरी चालतं. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर ऑइल आतच जळतंय, बाहेर गळती शोधत बसू नका. सकाळी पहिल्या स्टार्टलाच येतो तो सहसा व्हॉल्व्ह सीलचा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर सतत येतो तो पिस्टनच्या रिंगांचा, त्याला आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासावं लागतं.

गळती थांबवायला जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकू नका. कडक झालेलं रबर त्याने नवं होत नाही, आणि जाड ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत उशिरा पोचतं.

गाडी आणण्याआधी इंजिन धुऊन आणू नका. लेपाबरोबर खुणाही जातात. तपासल्यावर आम्हीच धुतो, २०-३० किलोमीटर चालवून पुन्हा बघतो. मॅनिफोल्डवर मुरलेलं ऑइल जळून जाईपर्यंत एक-दोन दिवस थोडा वास राहील. ५०० किलोमीटर झाले की डिपस्टिक बघा आणि पुठ्ठा एक रात्र परत पसरा.