हात रिकामे की काम पडून?

प्रकल्पाच्या आठवडी बैठकीत पडद्यावर एक तक्ता हमखास येतो: कोण किती टक्के कामात आहे. शंभर टक्केवाले हिरवे, सत्तरवाले पिवळे. सगळ्यांच्या माना पिवळ्यांकडे वळतात आणि कुणीतरी म्हणतं, "याला अजून एखादं काम देता येईल." त्याच वेळी आराखड्याची एक फाईल मंजुरीसाठी नऊ दिवस कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून असते. वाचायला लागतील फार तर दोन तास. पण त्या फाईलसाठी तक्त्यात रकानाच नसतो.

थांबलेला माणूस आणि थांबलेलं काम, दोन्हींना आपण 'वेळ वाया जातोय' एवढंच म्हणतो. लीनचं, म्हणजे टोयोटाच्या रीतीवरून आलेल्या, वाया जाणारं कमी करण्याच्या कार्यपद्धतीचं, प्रशिक्षण घेऊन आलेले लोकही इथे गफलत करतात. 'मुदा', म्हणजे वाया जाणारं सगळं, कमी करायचं म्हणून ते आधी पिवळे रकाने हिरवे करायला घेतात. मीही बरीच वर्षं हेच केलं.

टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणाऱ्या ताइची ओनो यांच्या सात मुदांच्या यादीत या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदलेल्या आहेत. एक 'तेमाची'. 'ते' म्हणजे हात, 'माची' म्हणजे थांबणं. आपण म्हणतो ते हात रिकामे राहणं. दुसरा 'झाइको', म्हणजे साठा: दोन टप्प्यांच्या मधे पडून राहिलेला अर्धवट किंवा तयार माल. उरलेले पाच म्हणजे गरजेपेक्षा जास्त उत्पादन, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक हालचाल, नको तितकी प्रक्रिया आणि सदोष माल. त्यांची चर्चा इतरत्र भरपूर झाली आहे.

तेमाचीचं मूळ बघितलं की गोंधळ कुठून येतो ते कळतं. ओनो १९४३ मध्ये कापडधंद्यातून टोयोटाच्या मोटार कंपनीत आले. युद्धानंतर त्यांच्याकडे यंत्रशाळा होती. एका यंत्रामागे एक कामगार, आणि यंत्र आपोआप चालू असताना तो नुसता बघत उभा, ही तिथली रीत. ओनोंनी यंत्रांची मांडणी बदलून एकाच कामगाराकडे अनेक यंत्रं दिली. म्हणजे त्यांनी रिकामे हात कमी केले हे खरंच आहे. पण तिथे प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात हे ठरलेलं होतं, उद्या काय येणार हे माहीत होतं, आणि साठा डोळ्यांसमोर ढिगाने दिसत होता.

प्रकल्पात नेमकं उलटं आहे. रिकामा माणूस लगेच दिसतो. साठा दिसत नाही. तो असतो अर्ध्या लिहिलेल्या मसुद्यांत, तपासणीच्या रांगेतल्या कोडमध्ये, 'कायदेशीर विभागाकडे पाठवलंय' या वाक्यात. त्याला जागा लागत नाही, धूळ बसत नाही, पाय अडखळत नाही. म्हणून जे दिसतं तेच आपण कापतो.

आता या दोन थांबण्यांचा एकमेकांशी संबंध काय ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. एक कमी करायला गेलं की दुसरं वाढतं. पिवळ्या माणसाला आणखी एक काम दिलं की त्याच्या हातातल्या कामांची संख्या वाढते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम अगदी साधा आहे: हातात असलेली सरासरी कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. समजा, एक गट आठवड्याला दोन कामं पुरी करतो आणि हातात बारा आहेत. मग नव्या कामाला साधारण सहा आठवडे. 'सगळे कामात असू देत' म्हणून वीस सुरू केली आणि वेग तोच राहिला, तर दहा आठवडे. कुणीही आळस केलेला नाही. उलट सगळे हिरवे आहेत.

दुसरा हिशोब याहून बोचरा. त्याच १९६१ मध्ये जॉन किंगमन यांनी दाखवलं की काम करणारा शंभर टक्के व्यग्रतेच्या जवळ जातो तसतशी त्याच्यासमोरची रांग सरळ रेषेत वाढत नाही, झपाट्याने फुगते. कामं अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर रांगेच्या सर्वांत साध्या गणितात पन्नास टक्के व्यग्र माणसाकडे काम सरासरी एका कामाच्या वेळेइतकं थांबतं. ८० टक्क्यांना चारपट, ९० ला नऊपट, ९५ ला एकोणीसपट. प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतील, पण वळण हेच. म्हणजे ९० वरून ९५ वर नेऊन आपण पाच टक्के 'वाचवले' आणि त्याच्या दारातली प्रतीक्षा दुप्पट केली. कामं ठरावीक अंतराने येत असती आणि सगळी सारख्या मापाची असती, तर ही रांग लागली नसती. टोयोटा उत्पादनातले चढउतार सपाट करण्यावर इतकी मेहनत घेते, त्यामागे हेच कारण आहे. या चढउतारांना तिथे 'मुरा' म्हणतात, आणि माणसावर किंवा यंत्रावर झेपेल त्यापलीकडे ओझं टाकण्याला 'मुरी'. पिवळा रकाना हिरवा करण्याच्या नादात आपण बहुतेक वेळा मुरी विकत घेतो.

ओनोंच्या मते सातांतला सर्वांत वाईट मुदा तेमाची नव्हता. तो होता गरजेपेक्षा जास्त उत्पादन, कारण तो बाकीच्यांवर पांघरूण घालतो. हात रिकामे असताना पुढच्या महिन्याचा माल करून ठेवला की रिकामे हात झाकले जातात, आणि ते रिकामे का राहिले हा प्रश्नही. प्रकल्पात याचा अवतार म्हणजे 'तोवर पुढच्या टप्प्याचं सुरू करून ठेव'. त्या टप्प्याच्या गरजा अजून ठरलेल्या नसतात. तीन आठवड्यांनी त्या बदलतात आणि ठेवलेलं मोडून पुन्हा करावं लागतं. त्या तीन आठवड्यांत माणूस मात्र शंभर टक्के हिरवा होता.

म्हणजे रिकामे हात नेहमी चांगलेच का? नाही. चाचणी करणारा सर्व्हरचा पासवर्ड मिळत नाही म्हणून चार दिवस बसून असेल, तर तो अस्सल तेमाची आहे. आलेलं काम लगेच हातात घेता यावं म्हणून मोकळा असलेला माणूस ही वेगळी गोष्ट. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. मी ओळखायला एकच प्रश्न विचारतो: या क्षणी त्याच्याकडे काम आलं, तर तो ते सुरू करू शकतो का? करू शकत असेल तर ती मोकळीक आहे, प्रकल्पाची राखीव ताकद. करू शकत नसेल तर त्याच्या वाट्याचं काम कुठेतरी अडलंय. मग शोध त्या अडलेल्या कामाचा घ्यायचा, माणसाला दुसरं काम देऊन विषय मिटवायचा नाही.

कामाचं थांबणं मोजायला मोठं साधन लागत नाही. नुकतंच पूर्ण झालेलं एखादं काम घ्या. सुरू झालं त्या दिवसापासून संपलं त्या दिवसापर्यंतचे दिवस मोजा, आणि त्यांतल्या किती दिवशी कुणीतरी खरोखर त्याला हात लावला ते आठवा. चोवीस दिवसांपैकी तीन, असं काही निघालं तर दचकू नका. उरलेल्या एकवीस दिवसांची यादी करा: कुणाच्या उत्तराची वाट, कुणाच्या सहीची, कुठल्या बैठकीची. हे एकवीस दिवस कमी करायला कुणालाही जास्त वेगाने काम करावं लागत नाही.

पडून राहिलेलं सगळंच मुदा, असंही मात्र नाही, आणि हे टोयोटाला चटके बसून कळलं. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या करिया इथे आइसिन सेइकी या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकसाठी लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटा जवळपास पूर्णपणे तिथूनच घेत असे, आणि साठा जेमतेम होता. जपानमधल्या टोयोटाच्या बहुतेक जुळणी लाईन काही दिवस बंद पडल्या. इतर पुरवठादारांनी मिळेल त्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला, म्हणून गाडी लवकर रुळावर आली. मग २०११ चा भूकंप आणि त्सुनामी. त्यानंतर टोयोटाने पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला, त्यामुळे २०२१ च्या टंचाईत सुरुवातीचे महिने ती इतरांपेक्षा बरी टिकली. पुढे तो साठाही अपुरा पडला आणि त्या सप्टेंबरमध्ये जगभरातलं उत्पादन नियोजनापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं. पण चिपचा तो साठा कुणाचं लक्ष नाही म्हणून साचलेला नव्हता. कुठल्या भागाचा, किती महिन्यांचा आणि का, हे ठरवून ठेवलेला होता. इनबॉक्समधल्या त्या नऊ दिवसांच्या फाईलबद्दल असं कुणीच काही ठरवलेलं नसतं.