कुक्कुटगृहातील अमोनिया आणि पक्ष्यांवरील ताण

कोंबड्यांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू आणि उष्णता, दाटी किंवा कोंदट हवा यांमुळे पक्ष्यांवर येणारा ताण यांचा विचार कुक्कुटपालनात एकत्रच करावा लागतो, कारण एकावरचा उपाय पुष्कळदा दुसऱ्याला वाढवतो. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालय पुण्यात असून जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे वेंकटेश्वरा हॅचरीजचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाने कुक्कुट व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था आहे.

पक्षी नको असलेला नायट्रोजन मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. गादीत, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भाताच्या तुसात किंवा लाकडाच्या भुशात, ओल, ऊब आणि अल्कधर्मीपणा मिळाला की सूक्ष्मजीव त्याचे अमोनियात रूपांतर करतात. गादीतील ओलावा साधारण २० ते २५ टक्के राहिला तर वायू आटोक्यात राहतो; पाण्याच्या गळक्या निपलखाली, म्हणजे पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या तोटीखाली, मात्र ओलावा बघता बघता वाढतो. हवेतील अमोनियाचे प्रमाण दर दहा लाख भागांत २५ भागांच्या आत असावे, असे सामान्यतः मानतात. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याच्या नाकाला हा वास सवयीचा होतो, त्यामुळे केवळ वासावरून अंदाज बांधणे धोक्याचे असते. जास्त अमोनियाने श्वासनलिकेतील केसांसारखे सूक्ष्म तंतू झिजतात, डोळे सुजतात, तळपायांना जखमा होतात, आणि रानीखेत हा विषाणूजन्य रोग किंवा दीर्घकालीन श्वसनरोग यांना पक्षी सहज बळी पडतात.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. उन्हाळ्यात ती धापा टाकून शरीर थंड करते, त्यात कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडून रक्ताची आम्लता घटते आणि अंड्याचे कवच पातळ होते. ती खाते कमी, पाणी मात्र भरपूर पिते. विष्ठा पातळ होऊन गादी ओली होते. पुणे जिल्ह्यातील दौंड-बारामतीकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर गेला की पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फॉगर लावतात, पण पंख्यांनी ती दमट हवा बाहेर काढली नाही तर थंडाव्याची किंमत अमोनियाने मोजावी लागते. मावळ-मुळशीत पावसाळ्यात गादी वाळतच नाही, तर हिवाळ्यात पिलांच्या उबेसाठी रात्रभर पडदे घट्ट ओढले जातात आणि पहाटे आत डोळे चुरचुरतात. पडद्याची वरची फट उघडी ठेवणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय अनेक ठिकाणी केवळ थंडीच्या भीतीने टाळला जातो.

गादी नियमित खालीवर करणे आणि तिचे गोळे काढून टाकणे हे पहिले काम होय. चुन्याचा सर्रास वापर तपासून पाहायला हवा: चुना ओल शोषतो, पण गादी अधिक अल्कधर्मी करून साठलेला अमोनिया मोकळाही करतो, म्हणून तो पक्षी भरण्यापूर्वी रिकाम्या शेडसाठीच बरा. तुरटीसारखे आम्लधर्मी पदार्थ उलट वायू धरून ठेवतात. खाद्यातील एकूण प्रथिने थोडी घटवून लायसिन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले वेगळी दिल्यास वाढीला बाध न येता टाकाऊ नायट्रोजनच कमी होतो.

गोठ्यात प्रक्रिया थोडी निराळी असते. तेथे मूत्रातील यूरियाचे शेणातील विकराने (एन्झाइमने) अमोनियात विघटन होते, म्हणून उताराची जमीन आणि मूत्र तत्काळ वाहून नेणारी नाली असावी लागते.

शेडमधून काढलेले कोंबडखत उघड्यावर, पावसात ठेवल्यास त्यातील नायट्रोजन हवेत उडून जातो आणि शेजाऱ्यांना माश्या व दुर्गंधीचा त्रास होतो. ते झाकून कुजवल्यास तोच नायट्रोजन शेताला मिळतो.