हँक विल्यम्सवरचे दोन चित्रपट आणि विधवेचा प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिणेतलं लोकवळणाचं कंट्री संगीत गाणारा गायक-गीतकार हँक विल्यम्स याच्या आयुष्यावर दोन ठळक चित्रपट आहेत: 1964 चा 'युअर चीटिन हार्ट' आणि 2015 चा 'आय सॉ द लाइट'. त्याच्या शेवटच्या प्रवासावरचे छोटे प्रयत्न वेगळे. दोन्ही चित्रपटांचा नायक एकच, पण गाळलेली माणसं निराळी. पहिल्यात दुसरी बायको नाही. दुसरा सुरूच 1944 पासून होतो, त्यामुळे अलाबामातल्या रस्त्यावर गाणारा कृष्णवर्णीय गुरू, ज्याच्याकडून पोरगा हँक गिटार आणि ब्लूज शिकला, तो पडद्यावर येतच नाही; तो 1939 मध्येच वारला होता. ही गाळागाळ दिग्दर्शकांच्या आवडीनिवडीने झाली असं समीक्षक सहसा धरून चालतात. गाण्यांचे हक्क कोणत्या वर्षी कुणाच्या हातात होते हे शेजारी मांडून पाहिलं, तर निदान पहिल्या चित्रपटाचं कोडं बरंच सुटतं.

जन्म 1923, मृत्यू 1 जानेवारी 1953, वय 29, कॅडिलॅक गाडीची मागची सीट, हे कंट्री ऐकणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे. मणक्याबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण चित्रपट दारूकडे जितकं बघतात तितकं पाठीकडे बघत नाहीत. त्याला जन्मतः मणक्याचा दोष होता: पाठीच्या खालच्या भागात मणक्याची कमान पूर्ण मिटलेली नव्हती. लहानपणी कुणी निदान केलं नाही. डिसेंबर 1951 मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण तो पुरेसा सावरायच्या आतच पुन्हा दौरे सुरू झाले. दारू, मॉर्फिन आणि क्लोरल हायड्रेट हे या दुखण्यावर चढलेले थर होते. क्लोरल हायड्रेट देणारा 'डॉक्टर' विकत घेतलेल्या पदवीवर धंदा करत होता. झोपेचं हे औषध दारूवर घेतलं तर श्वास आणि हृदय दोन्ही मंदावतात. हे सगळं बाजूला ठेवून 'दुःखी कलावंत पिऊन मेला' एवढंच दाखवायला सोपं जातं, आणि पडद्यावर बहुतेक तेच दिसतं.

चित्रपटाची कल्पना तो जिवंत असतानाची आहे. त्याच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीच्या चित्रपट शाखेने 1951 मध्ये त्याच्याशी करार केला होता. एकही चित्रपट निघाला नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1952 मध्ये, नॅशव्हिलच्या शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमातून त्याला काढून टाकलं गेलं.

आता विधवेचा प्रश्न.

पहिलं लग्न डिसेंबर 1944 मध्ये अलाबामातल्या अँडालुशिया इथे, एका पेट्रोल पंपावर लागलं. वधूचा आधीचा घटस्फोट नुकताच झाला होता आणि त्यानंतरची 60 दिवसांची सक्तीची मुदत संपली नव्हती. म्हणजे कायद्याच्या काटेकोर अर्थाने ते लग्न अवैध. पण अलाबामात तेव्हा विधीशिवाय, नवरा-बायको म्हणून उघडपणे एकत्र राहण्यातूनही विवाह सिद्ध होत असे (ही सोय तिथे 2017 पासून नव्या जोडप्यांसाठी बंद झाली), त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. 1952 मध्ये घटस्फोट झाला. त्यात पहिल्या पत्नीला मुलाचा ताबा मिळाला आणि पुन्हा लग्न न करण्याच्या अटीवर गाण्यांच्या उत्पन्नाचा अर्धा हिस्सा.

दुसरं लग्न 18 ऑक्टोबर 1952 रोजी लुइझियानातल्या मिंडेन गावी झालं. दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात तिकीट लावून तेच लग्न दुपारी आणि संध्याकाळी असं आणखी दोनदा लावलं गेलं. यातही वधूचा आधीचा घटस्फोट कागदोपत्री पूर्ण झाला तो मिंडेनच्या लग्नानंतर अकरा दिवसांनी. म्हणजे तीन वेळा विधी होऊनही काटेकोर अर्थाने एकही विधी वैध नाही. लग्नानंतर हँक जेमतेम अडीच महिने जगला.

दोन्ही लग्नांत दोष जवळजवळ एकच होता. पहिल्या वेळी सगळ्यांनी तो पोटात घातला. दुसऱ्या वेळी हँकची आई आणि पहिली पत्नी यांनी तोच दोष धरून हे लग्न रद्द ठरवण्यासाठी वर्षानुवर्षं जोर लावला. 1953 मध्येच दुसऱ्या पत्नीने 30,000 डॉलर घेऊन मालमत्तेवरचा दावा आणि 'मिसेस हँक विल्यम्स' म्हणून गाण्याचा हक्क सोडला. तिथे प्रकरण मिटलं असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

ते मिटलं नव्हतं, आणि याचं कारण 1909 च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यात होतं. गाण्यावरचा हक्क आधी 28 वर्षांचा, आणि नूतनीकरण केलं तर आणखी 28 वर्षांचा. लेखक पहिल्या मुदतीत वारला असेल तर नूतनीकरणाचा हक्क प्रकाशकाकडे, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडे, जात नाही, मृत्युपत्रानेही ठरत नाही. तो थेट विधवेकडे आणि मुलांकडे येतो. त्यामुळे 1953 च्या तडजोडीत मालमत्ता सोडली तरी नूतनीकरणाचा प्रश्न उघडाच राहिला. घटस्फोटितेला मात्र या कलमात जागा नाही. पहिल्या पत्नीचा अर्धा हिस्सा घटस्फोटाच्या करारातून आलेला, म्हणजे पहिल्या 28 वर्षांपुरताच भक्कम. हँकची प्रकाशित गाणी 1946-47 पासूनची, तेव्हा त्यांची पहिली मुदत 1974-75 पासून एकेक करत संपणार होती. मुलगा अल्पवयीन असतानाच त्याच्या वाट्याचं नूतनीकरण हँकच्या जुन्या प्रकाशकाने पालकामार्फत घेऊन ठेवलं. दुसऱ्या पत्नीचा वाटा एका प्रतिस्पर्धी प्रकाशकाने विकत घेतला. तो वाटा विधवा म्हणून मान्यता मिळाली तरच खरा, नाहीतर कागद.

हा हिशोब ध्यानात ठेवून 1964 चा चित्रपट पाहावा. पहिली पत्नी त्याची तांत्रिक सल्लागार होती. त्यात घटस्फोट नाही, दुसरं लग्न नाही. नवरा वारतो तेव्हा बायको एकच. पडद्यावरची ही विधवा आणि कोर्टात नाकारलं जाणारं दुसरं लग्न एकाच बाजूच्या सोयीचे होते, हे उघड आहे. दुसरी पत्नी या चित्रपटाविरुद्ध अटलांटात कोर्टात गेली. शेवटी 22 ऑक्टोबर 1975 रोजी अटलांटाच्या फेडरल न्यायाधीशाने दुसरं लग्न वैध ठरवलं आणि पुढच्या उत्पन्नाचा अर्धा हिस्सा तिला दिला. पहिली पत्नी त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 4 नोव्हेंबरला वारली.

1964 च्या त्या चित्रपटात गळा हँकच्या मुलाचा आहे. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता आणि हँकच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीने, जिच्या घरचा हा चित्रपट होता, त्याची पहिली रेकॉर्ड त्याच वर्षी काढली होती. मूळ ध्वनिमुद्रणं कंपनीच्या कपाटात असताना पोराला गायला लावण्यामागे त्याला पुढे आणण्याचा व्यवहार होताच, पण तांत्रिक कारणही दुर्लक्षिण्यासारखं नाही. हँकची मुद्रणं मोनो, एका दमात केलेली. आवाज आणि वाद्यं एकाच पट्ट्यावर, नंतर वेगळी करता न येणारी. दृश्यात गाणं मधेच थांबवायचं असेल, दोन ओळींत संवाद घालायचा असेल, तर अशा मुद्रणाला कात्री लावता येत नाही. नव्याने मुद्रण केलं की हे सगळं हातात राहतं.

पार्श्वगायनाची सवय आपल्याला आहे म्हणून त्यातल्या चुका आपण सहज माफ करतो. ओठ जुळवणं सोपं असतं. बिघडतं ते श्वासात आणि मानेत. नट सेटवर नुसते ओठ हलवतो तेव्हा गळ्याच्या शिरा ताणल्या जात नाहीत, ओळीआधी छाती भरत नाही. उपाय एकच: वाजणाऱ्या ध्वनिफितीवर खरोखर मोठ्याने गायचं. दुसरी चूक गिटारवरच्या डाव्या हाताची. स्वरमेळ बदलण्याची जागा अर्ध्या मात्रेने चुकली तरी वाजवणाऱ्याला लगेच कळतं. तिसरी तालाची: हँकच्या बहुतेक मुद्रणांत ड्रम नाहीत. ताल धरतात तो उभा बास आणि तारा दाबून छाटल्यासारखी वाजवलेली इलेक्ट्रिक गिटार. नव्या मुद्रणात ड्रम घुसला की गाणं 1949 चं राहत नाही.

याच पेचावर इतर कंट्री चरित्रपटांनी वेगवेगळी उत्तरं काढली. 1980 च्या 'कोल मायनर्स डॉटर'मध्ये नायिका स्वतः गायली. 1985 च्या 'स्वीट ड्रीम्स'मध्ये मूळ गायिकेच्याच मुद्रणांवर ओठ जुळवले. 2005 च्या 'वॉक द लाइन'मध्ये दोन्ही मुख्य कलाकार गायले, आणि तेव्हापासून 'नटाने स्वतः गायलंच पाहिजे' अशी जवळजवळ अटच होऊन बसली.

दरम्यान एक वारस वाढली. हँकच्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी, 6 जानेवारी 1953 रोजी, तिसऱ्याच स्त्रीच्या पोटी त्याची मुलगी जन्मली. तिच्याबद्दलचा करार हँकने ऑक्टोबर 1952 मध्येच सही केला होता, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या तिकीटवाल्या लग्नाच्याच महिन्यात. तिला दत्तक दिलं गेलं, आणि वडील कोण हे मोठेपणी कळलं. 1989 मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्याशी फसवणूक झाल्याचं मान्य करून तिला वारस ठरवलं. पुढच्या चित्रपटात तिची आई एक पात्र म्हणून दिसते. 1964 मध्ये ते शक्यच नव्हतं.

2006 चा टेनेसीतला निकाल कमी गाजला, पण कामाच्या दृष्टीने मोठा आहे. 1951 मध्ये एका पिठाच्या कंपनीसाठी हँक सकाळचा पंधरा मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम करायचा. दौऱ्यावर असताना वाजवायला तो आधीच तबकड्यांवर मुद्रित केलेला असे. या तबकड्या कचऱ्यात जाता जाता वाचल्या. त्यांवर हक्क रेकॉर्ड कंपनीचा नाही, मुलगा आणि मुलगी यांचा, असं अपील न्यायालयाने ठरवलं. 2008 पासून त्यांचे संच निघाले. गाण्यांच्या जोडीने त्यांत हँकचं बोलणं आहे: थट्टा, जाहिरात, वादकांना दिलेली हाक. भूमिकेची तयारी करणाऱ्या नटाला रेकॉर्डवरच्या गळ्यातून बोलीचा सूर मिळत नाही. इथे तो तासन्‌तास मिळतो.

2015 च्या चित्रपटाने नायक म्हणून इंग्रज नट घेतला आणि घरातूनच विरोध झाला: हँकच्या गायक नातवाने दक्षिणेतला माणूस हवा, असं जाहीरपणे म्हटलं. नटाने वजन उतरवलं, नॅशव्हिलमध्ये एका जुन्या गायक-गीतकाराच्या घरी राहून रियाझ केला आणि सगळी गाणी स्वतः गायली. अवघड भाग उच्चारांपेक्षा योडलचा. योडल म्हणजे छातीच्या आवाजातून वरच्या पोकळ आवाजात मुद्दाम मारलेली उडी. सांधा लपवायचा नाही, मोडताना ऐकू यायला हवा. पुरुषी गळ्यात ही जागा साधारण हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी तीन ते पांढरी पाचच्या आसपास येते. खर्जाच्या नटासाठी पट्टी दोन सुरांनी उतरवली की उडी त्या जागेच्या खाली पडते. तिथे आवाज आपोआप मोडत नाही, मोडल्याचं सोंग करावं लागतं. मूळ पट्टीत ठेवलं तर बाकीची ओळ ओरडल्यासारखी होते. प्रशिक्षित गळा तर सवयीने सांधा गुळगुळीतच करतो. 'लव्हसिक ब्लूज' हे गाणं या कारणासाठी कसोटीचं. ते हँकचं नाहीच, 1922 चं नाट्यगीत आहे. त्याने ते डिसेंबर 1948 मध्ये सिनसिनाटीत मुद्रित केलं आणि ते 16 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

या चित्रपटाचं वितरण ज्या समूहाने केलं, त्याच समूहाच्या ताब्यात हँकच्या जुन्या प्रकाशकाचा गाण्यांचा साठा 2002 मध्ये आला होता. 1964 मध्ये रेकॉर्डी आणि चित्रपट एका घरचे होते, 2015 मध्ये गाण्यांचे हक्क आणि चित्रपट. टोरांटोतल्या पहिल्या प्रदर्शनानंतर चित्रपट नोव्हेंबरऐवजी मार्च 2016 वर ढकलला गेला, म्हणजे पुरस्कारांच्या हंगामाबाहेर. सुमारे 1.3 कोटी डॉलरच्या खर्चावर 20 लाखही परत आले नाहीत. गायन बरं, गोष्ट विस्कळीत, असं बहुतेकांचं मत पडलं आणि ते चूक नाही: लग्न, भांडण, गाणं, पुन्हा भांडण अशी ती रांग आहे.

तिसरा चित्रपट कुणाला काढायचाच असेल तर नटाच्या गळ्यातून गाणी घ्यायला प्रकाशकांची परवानगी पुरते. मूळ मुद्रणं वापरायची तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची वेगळी. 1952 च्या गाण्यांवरचा हक्क 95 वर्षांच्या हिशोबाने 2047 अखेरपर्यंत चालेल. त्याच वर्षीच्या मुद्रणांवरचा, 2018 च्या कायद्यामुळे, 2062 अखेरपर्यंत.